दंडाला पट्टी बांधली की

शिवडीहून परळच्या केईएममध्ये रक्त तपासायला गेलात, तर दंडाला रबरी पट्टी आवळल्यावर मान फिरवू नका. हाताकडे बघा. शीर टम्म फुगते आणि तिच्यावर मधेमधे बारीक गाठी उठतात. त्या गाठींच्या जागी आत झडपा असतात. रक्ताला हृदयाकडे जाऊ द्यायचं, मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. ते काम ओळखलं इटलीतल्या पादुआ विद्यापीठात शिकलेल्या एका विद्यार्थ्यानं!

पादुआचं विद्यापीठ १२२२ सालचं, म्हणजे ज्ञानेश्वरीहूनही जुनं. १५९५मध्ये तिथं शवविच्छेदनासाठी कायमचं लाकडी सभागृह सुरू झालं. उलट्या शंकूसारखं: तळाशी टेबल, त्यावर प्रेत, आणि भोवती एकावर एक सहा अरुंद सज्जे. मुलं त्यात दाटीवाटीनं उभी राहत, कठड्यावरून वाकून खाली बघत. प्रेत टिकावं म्हणून हा अभ्यास हिवाळ्यातच चाले.

विल्यम हार्वे इंग्लंडहून इथं आला आणि १६०२मध्ये पदवी घेऊन परतला. तेव्हा याच विद्यापीठात गॅलिलिओ गणित शिकवत होता. काय दिवस असतील ते! हार्वेचे शिक्षक फाब्रिसियस यांनी शिरांमधल्या झडपांवर १६०३मध्ये सचित्र पुस्तक छापलं. पण शिरांतून रक्त हातापायांकडे वाहतं असंच तेव्हा सगळे मानत. त्यामुळे झडपा त्याचा वेग आवरतात, असं फाब्रिसियस यांना वाटलं. झडपा दिसल्या त्यांना, पण त्यांची दिशा उमगली हार्वेला. १६२८च्या पुस्तकात त्यानं रक्ताभिसरण मांडलं. हा विचार झडपांवरूनच सुचला, असं म्हातारपणी त्यानं रॉबर्ट बॉइलला सांगितलं होतं.

त्याचा प्रयोग तुम्हालाही जमेल. दंड बांधलेला असताना फुगलेल्या शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे, वरच्या गाठीपलीकडे सारा आणि ते बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो. वरचं रक्त खाली येत नाही. आता पहिलं बोट सोडा. शीर खालून झर्रकन भरते. दुर्बीण नाही, यंत्र नाही, फक्त दोन बोटं! मला विज्ञानातला याहून सुंदर पुरावा माहीत नाही.

केईएमला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६चं. शिक्षक भारतीयच असावेत, या अटीवर त्यासाठी देणगी मिळाली होती. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या तोंडी मात्र रोज इटलीची विद्यापीठं असतात: फॅलोपियन नलिकेतला फालोप्पिओ पादुआचा, मूत्रपिंडातला माल्पिगी बोलोन्याचा, पेशीतला गॉल्जी आणि मांडीतल्या त्रिकोणाचा स्कार्पा पाव्हियाचे. पादुआच्या टेबलावर बहुधा फाशी गेलेल्यांचे देह येत आणि मुलं वरून नुसती बघत. परळच्या डिसेक्शन हॉलमध्ये मुलं स्वतः सुरी धरतात, आणि समोरचा देह अनेकदा कुणीतरी जिवंतपणी आपल्या सहीनं त्यांना दिलेला असतो.