कुकरमधला केक आणि कॅरमल

सुट्टीत राजूरला आईसाठी केक केला. ओव्हन नाही, म्हणून कुकरची शिट्टी-रिंग काढून तळाशी मीठ पसरलं आणि मंद आचेवर ठेवला. छान फुगला! पण कॅरमलने दगा दिला. साखर साधारण १६० अंशांच्या पुढे कॅरमल होते, पाणी तर १०० लाच उकळतं. मी फ्रीजमधली साय एकदम ओतली. तिच्यातल्या पाण्याची वाफ झाली, सगळं उसळलं आणि बोटावर फोड. साखरेचा दगड झाला तो वेगळाच! दुसऱ्यांदा गॅस बंद करून कोमट साय थोडी थोडी घातली. आईने चाटून पाहिलं, "अगं, ही तर पेढ्याच्या कढईची खरवड!" खव्याचा रंग दुधातली प्रथिनं आणि साखर मिळून येतो, कॅरमलचा नुसत्या साखरेतून. पण साय घातलेली, म्हणजे आई अर्धी बरोबरच.