आकार स्मरणारे बहुवारिक आणि प्रकाशाची किल्ली

स्मरणिका म्हणजे स्मृतींचा संग्रह. या अंकात आम्ही एका निराळ्या स्मृतीचा, पदार्थाच्या स्मृतीचा परिचय करून देत आहोत. खोपोली, रसायनी, पाताळगंगा या आपल्या परिसरातील कारखान्यांमुळे प्लास्टिक आणि कृत्रिम धागा यांची ओळख येथील घराघरांत आहे. त्याच कुळातील एक पदार्थ उद्याच्या शस्त्रक्रियेत कसा उपयोगी पडू शकेल, हे जाणून घेण्याजोगे आहे.

विजेचे काम करणारे आपले बांधव तारेच्या जोडावर ‘हीट श्रिंक’ नळी चढवतात. उष्ण हवा लागताच ती आकसून तारेला घट्ट बसते. ही नळी मुळात अरुंदच असते. कारखान्यात ती तापवून रुंद करतात आणि त्याच स्थितीत थंड करतात. बहुवारिकाच्या लांबलचक रेणुसाखळ्या ठिकठिकाणी एकमेकींशी पक्क्या बांधलेल्या असतात. या गाठी मूळ आकार राखतात, तर गाठींमधील भाग थंडीत गोठून तात्पुरता आकार धरून ठेवतो. पुन्हा उष्णता मिळाली की गोठलेला भाग सैल होतो आणि ताणलेल्या साखळ्या मूळ स्थितीकडे परततात. ‘स्मृती’ म्हणतात ती एवढीच. तिच्यात गूढ काही नाही.

या गुणाचा शस्त्रक्रियेशी संबंध काय? दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत छिद्र लहान असते. आत टाक्याची गाठ नेमक्या ताणाने बांधणे अवघड जाते. ती फार घट्ट झाली तर ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो, सैल राहिली तर जखम नीट मिटत नाही. आंद्रेआस लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी 2002 साली शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या, आकार स्मरणाऱ्या बहुवारिकाचा धागा सादर केला. त्याची सैल गाठ सुमारे 40 अंश सेल्सिअसला आपोआप आवळली जाते.

मात्र रुग्णाचे सारे शरीर तापवता येत नाही. हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी उष्णता पोहोचवायची तर प्रकाश हे सोयीचे साधन आहे. 2005 मध्ये याच संशोधकांनी सहकाऱ्यांसह केवळ प्रकाशाने आकार बदलणारे बहुवारिक तयार केले. परंतु त्याला अतिनील किरण लागत. ते त्वचेखाली खोल जात नाहीत आणि पेशींना अपायही करतात.

येथे नॅनोकण साहाय्याला येतात. सोन्याचा अतिसूक्ष्म कण पिवळा दिसत नाही. त्याच्या द्रावणाचा माणकासारखा लाल रंग मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्येच अभ्यासला होता. हाच कण दांडीसारखा लांबट केला, तर तो 700 ते 900 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश शोषून त्याची उष्णता करतो. या पट्ट्यातील प्रकाश रक्त आणि पाणी तुलनेने कमी शोषतात, म्हणून तो ऊतींत काही अंतर आत जाऊ शकतो. त्याहून खोल जागी तो प्रकाशतंतूने नेता येतो. असे कण बहुवारिकात मिसळले की लेसर पडेल तेवढाच भाग तापतो आणि आकार बदलतो. टाका आवळणे, आक्रसलेली रक्तवाहिनी उघडणारी जाळी फुलवणे, साठवलेले औषध सोडणे असे उपयोग यातून संशोधकांना दिसतात.

प्रकाशातून उष्णता मिळवण्याचे हे तत्त्व आपल्या शेजारीही अभ्यासले गेले आहे. पनवेल तालुक्यात, खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तेथील व आयआयटी मुंबईतील संशोधकांनी मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांवर सोन्याचा लेप देऊन, अवरक्त लेसरने उंदरांमधील कर्करोगाच्या गाठींवर केलेले काम 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. ते कण शरीरात विघटित होऊन बाहेर पडतात का, याचाही त्यांनी शोध घेतला. आकार स्मरणाऱ्या बहुवारिकांपुढेही हाच प्रश्न आहे. बहुवारिक विरघळेल, पण सोने कोठे जाईल? शिवाय तापमान थोडे अधिक वाढले तरी आजूबाजूच्या निरोगी पेशी भाजतात.

म्हणून प्रकाशाने चालणारी ही साधने आज मुख्यत्वे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरील चाचण्यांत आहेत. ‘नॅनो’ किंवा ‘सुवर्ण’ ही नावे पुढे करून कोणी आजच हमखास उपचार विकत असेल, तर पालकांनी पुरावा मागावा आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून एक रुपयाही देऊ नये.

आणखी एक प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा आहे. लहान छिद्रातून होणारी शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णालयात कमी दिवस आणि लवकर कामावर परतणे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला याची गरज सर्वांत अधिक, आणि महागडे साधन त्याच्यापर्यंत पोहोचते सर्वांत शेवटी. हे अंतर आपोआप मिटणार नाही. त्यासाठी रसायन, भौतिकी आणि जीवशास्त्र या तिन्हींत गती असलेली, शिवाय वाडीवस्तीवरील रुग्णाची अडचण जाणणारी मुलेमुली संशोधनात गेली पाहिजेत. विज्ञान शाखेची वाट धरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्या वाटेवर आधार द्यावा, अशी आमची विनंती आहे.