सतरंजीवरचा इतिहास

एप्रिल उजाडला की आपल्या होस्टेलवर तीन गोष्टी एकदम सुरू होतात. सबमिशनची पळापळ, मेसमधलं आमरसाच्या नावाखालचं पिवळं पाणी आणि घरून येणारे फोन. मला गेली तीन वर्षं गावाकडून एकच फोन येतो, "व्याख्यानमालेला येतोयस ना? सतरंज्या उचलायला माणूस नाही." मी निघालो की रूम पार्टनरचा ठरलेला डायलॉग असतो, "इथली लेक्चर्स बंक करतोस आणि तिथं लेक्चर ऐकायला एस.टी.चे पैसे घालवतोस! धन्य आहेस बाबा!"

आता त्याला काय सांगणार? म्हणून हा लेखप्रपंच.

व्याख्यानमाला ही आपल्याकडची फार जुनी चीज आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. म्हणजे २०२५ मध्ये तिला दीडशे वर्षं झाली. त्याच १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यांची व्याख्यानं गाजली, मिरवणूक निघाली आणि तिच्यात महात्मा फुले पाठराखण करायला उतरले. शहर व्याख्यानावरून पेटायचं असा तो काळ. अर्थात समोर बसलेला श्रोता बहुतेक शिकलेला, पांढरपेशा. बाकीच्या समाजापर्यंत विचार पोचवले ते सत्यशोधकांच्या जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी. तमाशाचा बाज, ढोलकी, आणि सोंगाड्याच्या तोंडी थेट सवाल! १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव आला, त्यात मेळे आले, भाषणं आली. आज तालुक्याच्या गावी जी व्याख्यानमाला दिसते तिच्यात या सगळ्यांचं थोडं थोडं रक्त आहे.

तिची यंत्रणा मात्र अगदी साधी असते. एक पावतीपुस्तक, एक शाळेचं पटांगण, दोन हॅलोजन, एक माईकवाला (जो पहिली दहा मिनिटं "हॅलो चेक" करतो). वक्त्याला एस.टी.चं किंवा गाडीचं भाडं, पाकिटात जमेल तेवढं मानधन, शाल-श्रीफळ आणि कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी. आभार मानणारा माणूस व्याख्यानाइतकाच वेळ घेतो. तीन, पाच किंवा सात दिवस चालते. पाचपैकी एक विषय आरोग्याचा, एक हसवणारा, आणि एक तरी इतिहासाचा. इतिहासाच्या दिवशी सतरंज्या कमी पडतात, हा माझा तीन वर्षांचा अनुभव.

पण गर्दी होते म्हणजे सगळं चांगलंच होतं असं नाही हं. आवाज चढवून, हातवारे करून वाट्टेल ते ठोकून देणारे वक्ते मीही ऐकलेत. टाळ्याही त्यांनाच जास्त. तरी माझं म्हणणं असं की इतिहास सांगायला गावातलं पटांगणच बरं, कारण पुरावा बहुतेक वेळा तिथंच कुठंतरी पडलेला असतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वणवण करत जुन्या घरांतले रुमाल सोडून कागद बघत फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला आणि एकूण खंड झाले बावीस. शिवजयंतीचंच बघा. लोकमान्यांनी १८९६ साली रायगडावर शिवउत्सव केला तेव्हा महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे सन १६२७ चा धरत असत. मग कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली हाती आली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ती शकावली १९१६ साली प्रसिद्ध कुणी केली? टिळकांनीच! उत्सव ज्यांनी उभा केला त्यांनीच त्याची तारीख बदलू शकणारा कागद लोकांपुढे ठेवला. तारीख-तिथीचा वाद आपण अजून घालतो ती गोष्ट वेगळी.

आता आमच्या गावची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका प्राध्यापिका बाईंचं वीरगळांवर व्याख्यान ठेवलं होतं. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत माणूस कसा मेला ते, म्हणजे लढाई. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करताना. अगदी वर बऱ्याचदा सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. खालच्या चौकटीत गाई असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला असं समजायचं. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर तर चक्क जहाजांची लढाई कोरलीय. यादव आणि शिलाहारांच्या तेराव्या शतकातल्या झुंजीशी ते जोडतात.

बाई स्लाइड दाखवत होत्या आणि मागच्या सतरंजीवरून एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "अहो, हा तर आमचा म्हसोबा!"

दुसऱ्या दिवशी बाईंची एस.टी. अकराची होती. सकाळी आठलाच तीसेक माणसं वेशीजवळ. शेंदराचा जाड थर, कमरेपर्यंत मातीत गाडलेला दगड. शेंदराखालून दोन अप्सरा कशाबशा ओळखू येत होत्या. तिथंच बाजूला वाळूचा ढीग, सिमेंटची सहा पोती आणि टाइल्सचे खोके! त्याच आठवड्यात जीर्णोद्धार होणार होता. वर्गणीही जमली होती. दगड आहे तिथंच सिमेंटमध्ये पक्का करून भोवती टाइल्सचा कट्टा, असा प्लॅन. मी सिव्हिलचा, त्यामुळे काँक्रीटवर माझं प्रेम आहे. पण इथं ते खालच्या चौकटीवरच पडणार होतं. तो माणूस कसा मेला हे सांगणारी एकुलती एक जागा कायमची बुजली असती.

वाद झालाच. एक काका तापले, "आमच्या देवाला मेलेला माणूस म्हणता?" बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, गावासाठी मेला म्हणूनच देव झाला असेल ना? पूजा चालू द्या. फक्त सिमेंट नको, आणि शेंदूर खरवडूही नका, दगडाचा पापुद्रा निघेल." काका काही बोलले नाहीत. पण पोरांनी कुदळ बाजूला ठेवून हातानं आणि खुरप्यानं माती सारायला सुरुवात केली तेव्हा त्यांनीच घरून घमेलं आणलं. तासाभरानं ढाल धरलेला हात दिसला, मग तलवार, आणि डाव्या कोपऱ्यात शिंगं. तीन गाई. मागं कुणीतरी नकळत पायातली चप्पल काढली.

बाईंची अकराची गाडी चुकली. काकांनीच त्यांना जेवायला नेलं.

टाइल्स शेवटी शाळेच्या पाण्याच्या टाकीला लागल्या. दगडाभोवती नुसता सुक्या दगडांचा कट्टा रचलाय, पावसाचं पाणी साचू नये म्हणून कडेनं चर काढलाय (लेव्हल मी काढली, हे नम्रपणे नमूद करतो). शेंदूर लावणं काही थांबलेलं नाही. आता तो समोरच्या एका वेगळ्या गोट्याला लावायचा असं ठरलंय, पण अमावस्येला कुणीतरी जुन्या सवयीनं दगडालाही बोट पुसतंच.

यंदाचं पावतीपुस्तक माझ्याकडे रूमवर आलंय. पहिलीच पावती पार्टनरच्या नावानं फाडली, एक्कावन्न रुपये. पैसे त्यानं अजून दिलेले नाहीत.