परसात अंजीर-डाळिंब : उघड्या मुळांची रोपे कशी लावाल?



पिशवीतल्या रोपाला मुळाशी मातीचा गड्डा असतो. वाफ्यात फाटे लावून केलेले अंजीर-डाळिंबाचे रोप मात्र पुष्कळदा माती झाडून मिळते. ते स्वस्त पडते, न्यायला हलके. पण पाणी शोषणारी बारीक तंतुमुळे उन्हावाऱ्यात बघता बघता सुकतात. असे रोप खड्ड्यात नव्हे, वाटेतच मरते. पैसे थोडे जातात, पण वर्ष जाते.

वाटेत : रोप उपटताच मुळे शेण-मातीच्या रबडीत बुडवा, ओल्या गोणपाटात गुंडाळा. गाडीच्या टपावर टाकू नका. त्याच दिवशी लावा. जमले नाही तर सावलीत चर काढून मुळे ओल्या मातीत झाकून ठेवा.

जागा : आळे, बेल्हे, मंचरकडची निचऱ्याची जमीन या झाडांना मानवते. पश्चिमेला डिंभे, आहुपे भागात पाऊस फार, मुळे कुजतात. तिकडे आंबा, फणस, जांभूळ बरे.

खड्डा : उन्हाळ्यातच २ × २ × २ फूट खणून तापू द्या. चांगली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत व अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरा. कच्चे शेण घालू नका, हुमणी लागते.

लावणी : चांगला पाऊस झाल्यावर, ढगाळ दिवशी किंवा सांजेला लावा. मुळे अर्धा तास पाण्यात ठेवा. मोडकी मुळे छाटा. शेंडा एक-तृतीयांश कापा, बरीचशी पाने काढा. उरलेल्या मुळांना तेवढाच भार झेपतो. खड्ड्यात मातीची उंची करून मुळे चहूबाजूंनी पसरा, गुंडाळून कोंबू नका. वाफ्यात होते तेवढेच खोल लावा. माती पायाने दाबा, पाऊस असला तरी बादलीभर पाणी द्या, म्हणजे मुळांभोवती पोकळी राहत नाही. काठीचा आधार द्या.

फसवी पालवी : पहिली पालवी फाट्यात साठलेल्या अन्नावर फुटते. मुळे धरली असे समजून पाणी तोडू नका. उघडीप पडली की मातीत बोट खुपसून बघा. कोरडे लागले तर पाणी द्या. बुंध्याभोवती पाचट पसरा, पण खोडाला टेकवू नका.

सावधान : तेल्या असलेल्या बागेतले डाळिंबाचे फाटे फुकट मिळाले तरी आणू नका. रोग रोपाबरोबर घरी येतो.

शंका असल्यास सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात अवश्य विचारा.