झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजताना

घरातला कुत्रा दहा-अकरा वर्षांचा झाला, जिना चढताना मध्येच थांबू लागला, रात्री खोकू लागला, की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘आता वय झालं त्याचं.’ दुसरे, ‘हार्टचा त्रास दिसतोय, तूप-मटण बंद करा.’ पहिल्या वाक्यामुळे उपचार होऊ शकणारा आजार म्हातारपणाच्या खात्यावर जमा होतो. दुसऱ्यामुळे माणसाचा हृदयरोग कुत्र्याच्या माथी मारला जातो. दोन्ही वाक्ये मायेपोटीच येतात, पण त्यांच्या नादात औषधाचा सर्वाधिक उपयोग होण्याचा काळ हातून निसटतो. हृदयरोगी म्हाताऱ्या कुत्र्यासाठी घरच्या माणसाने करायचे सर्वांत मोलाचे काम पथ्याचे नाही आणि सक्तीच्या विश्रांतीचेही नाही. तो गाढ झोपलेला असताना त्याचे श्वास मोजायचे आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहायचा, हे ते काम. ऐकायला ते फारच साधे वाटते, म्हणून त्यामागचे शास्त्र नीट समजून घ्यायला हवे.

माणसाचा हृदयविकार म्हटले की आपल्याला चरबी साचून अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या आठवतात. कुत्र्यांमध्ये हा प्रकार दुर्मीळ आहे. त्यांच्या रक्तातले बहुतांश कोलेस्टेरॉल एचडीएल स्वरूपात वाहते, त्यामुळे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या चरबीने तुंबून येणारा झटका त्यांना क्वचितच येतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत, विशेषतः पोमेरेनियन, डॅशहंड, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल अशा लहान चणीच्या जातींत, बिघडते ती डाव्या बाजूची मायट्रल झडप. कुत्र्यांच्या एकूण हृदयरोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण याच आजाराचे असतात. झडपेच्या पातळ पाकळ्या वयानुसार जाड आणि गाठाळ होतात, त्यांना धरून ठेवणारे तंतू लांबतात, कधी तुटतात. मग डाव्या कप्प्यांमधले हे दार नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला काही रक्त पुढे महाधमनीत जाण्याऐवजी मागच्या कप्प्यात परतते. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी ‘मर्मर’ म्हणजे या उलट्या प्रवाहाचा आवाज. हा आजार तुपाने होत नाही, मटणानेही होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा आणि वयाचा वाटा मोठा आहे, आणि नरांमध्ये तो मादीपेक्षा अधिक आढळतो.

परतणारे रक्त सामावून घेण्यासाठी डावा कर्णिका-कप्पा ताणला जातो, हृदय मोठे होते आणि वर्षानुवर्षे सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते. मर्मर ऐकू येणाऱ्या अनेक कुत्र्यांचे हृदय आयुष्यभर निकामी होत नाही. ते दुसऱ्याच कारणाने जातात. ज्यांच्या बाबतीत आजार पुढे सरकतो, त्यांच्या डाव्या कप्प्यातला दाब एका टप्प्यावर इतका वाढतो की तो फुप्फुसाच्या शिरांपर्यंत मागे पोहोचतो आणि रक्तातले पाणी फुप्फुसाच्या ऊतीत झिरपू लागते. पाणी शिरलेले फुप्फुस ताठर होते, पूर्वीइतके सहज फुगत नाही. शरीर त्यावर एकच तोड काढते, श्वास उथळ आणि जलद करणे. ही वाढ धाप लागण्याच्या आधी सुरू होते. दिवसा ती लपते, कारण जागा कुत्रा उन्हाने, आनंदाने, भीतीने, दारावरच्या घंटेनेही भराभर श्वास घेतो. झोपेत ही सगळी कारणे गळून पडतात. निरोगी प्रौढ कुत्र्यांच्या घरी केलेल्या मोजणीत झोपेतल्या श्वासांची सरासरी मिनिटाला साधारण 13 आढळली. हृदयरोग आहे पण फुप्फुसात पाणी नाही अशा कुत्र्यांचा आकडाही बहुधा 25 च्या आत राहतो. म्हणून शांत झोपेतला आकडा पुन्हा पुन्हा 30 च्या वर जाऊ लागला तर पशुवैद्यांना त्याच दिवशी फोन करावा, असा संकेत जगभरच्या पशुहृदयतज्ज्ञांनी रुजवला आहे.

यावर पहिला आक्षेप खोकल्याचा येतो. खोकला ऐकू येतोच, मग मोजत कशाला बसायचे? पण खोकला हा फसवा साक्षीदार आहे. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये श्वासनलिका चपटी होण्याचा आणि जुनाट ब्राँकायटिसचा त्रास झडपेच्या आजाराच्या जोडीने सर्रास असतो. शिवाय फुगलेला डावा कप्पा वरच्या श्वासनलिकेच्या फांदीला टेकतो, त्यानेही ढास लागते. या खोकल्याचा फुप्फुसातल्या पाण्याशी थेट संबंध असेलच असे नाही. झडपेचा आजार असलेल्या लहान कुत्र्यांच्या अभ्यासात खोकल्याचे नाते पाण्यापेक्षा श्वसनमार्गाच्या विकृतीशी आणि मोठ्या झालेल्या कप्प्याशी जुळलेले दिसले आहे. म्हणजे नुसत्या खोकल्यावरून पाणी काढण्याचे औषध वाढवत नेले, तर खोकला तसाच राहून मूत्रपिंडांवर ताण येण्याची शक्यता असते. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. अजिबात न खोकणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात पाणी भरलेले असू शकते. शेपूट हलते आहे, पोळी मागतो आहे, म्हणून तो बरा आहे, हाही निष्कर्ष टिकत नाही. माणसांच्या सहवासात हजारो वर्षे काढलेला हा प्राणी बराच त्रास होईपर्यंत घरच्यांपाशी येऊन शेपूट हलवतोच.

मोजायचे कसे? कुत्रा गाढ झोपला असावा. पाय झटकत, डोळे फिरवत स्वप्न पाहत असेल तेव्हा मोजू नये, कारण त्या झोपेत श्वास मुळातच अनियमित असतो. छाती एकदा वर आणि खाली झाली की एक श्वास. तीस सेकंद मोजून दुप्पट करावे. खोली गार असावी, ही अट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो, त्यामुळे नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यातल्या दुपारचा आकडा हृदयाविषयी काहीच सांगत नाही. पहाटेचा किंवा पंख्याखालचा रात्रीचा आकडाच धरावा. एखाद्या दिवशी 28 आला म्हणून घाबरू नये. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कोणता हे आधी कळले पाहिजे. ज्याचा रोजचा आकडा 14 असतो, त्याचा सलग तीन दिवस 24 येत असेल, तर 30 ची वाट न पाहता डॉक्टरांच्या कानावर घालणे शहाणपणाचे. म्हणून ही मोजणी कुत्रा ठणठणीत दिसत असतानाच सुरू करायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. श्वास वाढेपर्यंत तर पाणी झिरपू लागलेले असते, मग ही मोजणी उशिरानेच इशारा देते ना? आजाराच्या मधल्या टप्प्यापुरते हे म्हणणे खरे आहे, आणि ते मान्यच करायला हवे. हृदय मोठे झाले आहे पण पाणी नाही, या अवस्थेला तज्ज्ञांच्या वर्गीकरणात बी-2 म्हणतात. त्या अवस्थेत झोपेतला श्वास अगदी नेहमीसारखा असतो. ती ओळखायला स्टेथोस्कोप, एक्स-रे आणि शक्य असेल तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो. ती ओळखणे का निकडीचे, ते 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ चाचणीने दाखवून दिले. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचे एड्रियन बॉसवूड यांच्या नेतृत्वाखाली 11 देशांतल्या 360 कुत्र्यांवर ती झाली. सगळे कुत्रे बी-2 अवस्थेतले, लक्षणे काहीच नाहीत. काहींना पिमोबेंडन हे औषध दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. हृदय निकामी होईपर्यंतचा किंवा हृदयरोगाने मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ निष्क्रिय गोळीच्या गटात 766 दिवस होता, तर औषधाच्या गटात 1,228 दिवस. लक्षणविरहित काळात सुमारे पंधरा महिन्यांची भर. म्हाताऱ्या कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे फार मोठा काळ.

या चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीनेच उचलला होता, म्हणून तिच्याकडे संशयाने पाहणारे आहेत, आणि असा संशय आरोग्यदायीच असतो. पण गोळी खरी की निष्क्रिय हे डॉक्टर आणि पालक दोघांपासूनही लपवलेले होते, आणि फरक इतका ठळक निघाला की मधल्या टप्प्याच्या तपासणीनंतर चाचणी लवकर थांबवण्यात आली. शिवाय याच क्षेत्रात औषधे अपयशी ठरल्याचे निष्कर्षही दडपले गेलेले नाहीत. लक्षणे नसलेल्या कॅव्हेलियर कुत्र्यांना एनालाप्रिल दिल्याने हृदय निकामी होणे लांबत नाही, हे 2002 मध्येच प्रसिद्ध झाले होते. यातून दुहेरी शिस्त निघते. नुसती मर्मर आहे, हृदय वाढलेले नाही, तर औषध नको, ठरावीक काळाने तपासणी हवी. हृदय वाढले असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांत इको होऊ शकतो, तालुक्याच्या गावी तो मिळणे अवघड. पण छातीचा एक्स-रे बहुधा मिळतो आणि त्यावर हृदयाची लांबी-रुंदी पाठीच्या मणक्यांच्या मापात मोजता येते. लांबी-रुंदीची ही बेरीज साडेदहाच्या वर गेली की हृदय वाढल्याची शंका घेतात. इकोची सोय नसेल तर साडेअकराच्या पुढचे माप औषध सुरू करायला पुरेसा आधार मानतात.

मोजणीचे खरे राज्य सुरू होते ते एकदा पाणी भरून गेल्यानंतर. आता फ्युरोसेमाइड हे पाणी काढणारे औषध येते, तेच जे माणसांना लॅसिक्स नावाने दिले जाते. सोबत पिमोबेंडन, बेनाझेप्रिलसारखे औषध, बहुधा स्पायरोनोलॅक्टोन. फ्युरोसेमाइड कमी पडले तर फुप्फुस भरते, जास्त झाले तर शरीर शुष्क होऊन मूत्रपिंडे थकतात, पोटॅशियम घसरते. या दोन कड्यांमधली वाट सतत सरकत असते आणि ती कुठे आहे हे महिन्यातून एकदा होणाऱ्या तपासणीत कळत नाही. ते वहीतल्या आकड्यांत आणि अधूनमधून होणाऱ्या रक्ततपासणीत कळते. कुत्रा रात्री चार वेळा लघवीला उठवतो म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणारे भेटतात. हे कधीही करू नये. गोळीने पाणी काढले जात असताना पिण्याचे पाणी तोडणे म्हणजे मूत्रपिंडांवर दुहेरी घाव. तसेच म्हातारपणी सांधे दुखतात म्हणून घरातली आयबुप्रोफेन देणेही घातक, ती एरवीही कुत्र्याला विषारी आहे आणि या औषधांसोबत तर जास्तच.

जेवणाबाबतही माणसाचे नियम उलटेच पडतात. या अवस्थेत कुत्र्याचा मोठा शत्रू लठ्ठपणा नसून स्नायू झिजणे हा आहे. प्रथिने कमी करू नयेत, उकडलेले चिकन किंवा अंडी बंद करण्याचे कारण नाही. मीठ मात्र आवरायचे: पापड, फरसाण, लोणच्याचा खार लागलेली पोळी, चीज. गोळी चीजच्या तुकड्यात गुंडाळून देणे सोयीचे असले तरी दिवसातून चार-पाच गोळ्यांबरोबर बरेच मीठ पोटात जाते. पिमोबेंडन तर जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी दिलेलेच बरे.

श्वास मोजण्याची ही पद्धत सगळ्या कुत्र्यांना सारखी लागू पडत नाही. डॉबरमनसारख्या मोठ्या जातींत हृदयाचा स्नायूच पातळ आणि दुबळा होतो, त्यात ठोक्यांची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. झोपेतला श्वास त्याची पूर्वसूचना देत नाही, तिथे चोवीस तास ठोक्यांची नोंद ठेवणारे होल्टर यंत्र हवे.

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत मनापासून येतो: म्हाताऱ्या जीवाला गोळ्या कोंबून ओढत ठेवण्यात काय अर्थ आहे? हृदय निकामी झाल्यावरचा काळ मोठा नसतो. 2008 च्या ‘क्वेस्ट’ चाचणीत पिमोबेंडनच्या गटाचा मध्यक काळ 267 दिवसांचा होता, बेनाझेप्रिलच्या गटाचा 140. जपानमध्ये योकोहामाला मासामी उएची यांनी झडप दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया विकसित केली आहे, पण ती जवळपास कोणाच्याच आवाक्यात नाही. तेव्हा प्रश्न त्या नऊ महिन्यांच्या दर्जाचा आहे, आणि तिथेही वहीच उत्तर देते. आकडा विशीत आहे, कुत्रा कुशीवर झोपतो, सकाळी कोपऱ्यापर्यंत चालून येतो, तोवर गोळ्यांनी त्याला ओढत ठेवलेले नाही, त्याचे जगणे चालू आहे. औषधांची मात्रा कमाल झाली तरी आकडा दिवसेंदिवस चाळिशीच्या वर राहतो, आडवे होता येत नाही म्हणून तो रात्रभर कोपरे बाहेर काढून बसून राहतो, अन्नावरून तोंड फिरवतो, तेव्हा त्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय पशुवैद्यांबरोबर बसून घ्यायची वेळ आलेली असते. तो निर्णय मध्यरात्री, गुदमरणाऱ्या कुत्र्याला रिक्षात घालून उघडा दवाखाना शोधत फिरताना घ्यावा लागू नये, एवढा अवधी ती वही घरच्यांना देते.