कळ थांबली, पण खडा पडला का?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘हायड्रोनेफ्रोसिस’ हा शब्द दिसला की घरात घबराट होते. किडनीत पाणी झाले म्हणजे किडनी गेलीच, असे सांगणारे नातेवाईकही लगेच भेटतात. मुळात हे पाणी बाहेरून शिरलेले नसते. आपलीच लघवी पुढे वाट न मिळाल्याने मागे तुंबते आणि मूत्रपिंड आतून फुगते. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की अडथळा कुठे आहे?

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक रक्तात परत जातो, दीड-दोन लिटर लघवी उरते. प्रत्येक मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. एवढ्याशा वाटेत पथरी अडकली की पाठीपासून जांघेपर्यंत कळ येते, उलट्या होतात, माणूस गडबडा लोळतो.

इंजेक्शन घेतले, कळ थांबली, की ‘खडा पडला’ असे धरून सगळे कामाला लागतात. खरी फसगत इथेच होते. खडा जागेवर असतानाही कळ शमू शकते, कारण तुंबलेले मूत्रपिंड हळूहळू लघवी कमी बनवू लागते आणि आतला दाब उतरतो. दुसरे मूत्रपिंड काम ओढत असल्याने लघवी नेहमीसारखी होते. रक्तातले क्रिएटिनिनही कित्येकदा ठीक येते. पूर्ण अडथळा काही आठवडे तसाच राहिला, तर त्या बाजूचे मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात हे खरे. पण पडला की नाही, हे पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही. कुळथाचे कढण खुशाल प्या, त्याच्या भरवशावर तपासणी मात्र टाळू नका. दर कळेला दुकानातून वेदनाशामक गोळी आणणेही बरे नाही. अशा बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडालाच जाच करतात.

तुंबलेल्या बाजूला जंतुसंसर्ग झाला आणि थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. लघवी अजिबात होत नसेल तरीही तसेच.

घरातल्या वडीलधाऱ्यांची गोष्ट वेगळी. प्रोस्टेट वाढली की धार बारीक होते, रात्री चार-चारदा उठावे लागते, थेंब गळतात. वुजू टिकत नाही म्हणून अब्बा पाणी कमी पितात, मशिदीत जायचे टाळतात आणि संकोचापायी कोणाला सांगत नाहीत. मूत्राशय सदा भरलेले राहिले की दाब दोन्ही मूत्रपिंडांवर येतो, आणि बहुतेक वेळा दुखत काहीच नाही. म्हणून मुलांनीच विचारावे. बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग दोन्ही मूत्रवाहिन्या दाबू शकतो. पाळी गेल्यानंतर रक्त दिसले तर ते झाकून ठेवू नये.

गरोदरपणात, विशेषतः उजव्या बाजूला, थोडी सूज बऱ्याच जणींना येते आणि बाळंतपणानंतर उतरते. सोबत ताप किंवा कळ नसेल तर घाबरण्याचे कारण नसते. पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला सूज दिसली तर तीही पुष्कळदा आपोआप जाते, पण जन्मानंतर सोनोग्राफी चुकवू नये. मुलगा झाला असेल तर लघवीची धार नीट उडते का, हेही आईने बघावे.

उपचार अडथळ्यावर ठरतो. मूत्राशयाच्या खाली असेल तर कॅथेटर. वर असेल तर मूत्रवाहिनीत स्टेंट, किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी. स्टेंट घातल्यावर आराम पडतो, आणि म्हणूनच तो आत आहे याचा विसर पडतो. साधारणपणे तो तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. राहून गेला तर त्याच्यावरच खडे जमतात, मूत्रपिंड पुन्हा तुंबते आणि तो काढायला मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. गावी परतण्यापूर्वी काढण्याची तारीख डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या, आणि तीच तारीख घरच्या कॅलेंडरवरही लिहा.