पाणी ओसरल्यावर येणारा माणूस

पूर आलेल्या घरात विम्याचा सर्व्हेअर शिरला की घरमालक आधी भिंत दाखवतो. "साहेब, इथपर्यंत होतं पाणी!" आम्ही मान डोलावतो आणि बघतो मात्र लोखंडी कपाटाकडे. प्लास्टर पाणी शोषून घेतं, त्यामुळे ओल खऱ्या पातळीच्या बरीच वर चढते. लोखंडावर किंवा काचेवर उमटलेली गाळाची रेघ मात्र हलत नाही. एमआयडीसीच्या नाल्यालगतच्या घरांत तर तेलाच्या तवंगाची काळी रेघ असते. तिच्यावर रंगाचे दोन हात मारा, पुढच्या महिन्यात ती परत डोकावते.

27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. कॅमेरे परतले की आमच्यासारख्यांचं काम सुरू होतं.

अशाच एका तळमजल्यावरच्या घरातला फोटो मी फाइलला लावला. स्वयंपाकाच्या ओट्यावर फ्रिज आडवा पडलेला. कंपनीतल्या अधिकाऱ्याचा लगेच फोन. "फ्रिज ओट्यावर कसा? उचलून ठेवलाय तर भिजला कसा?" उचलला कोणीच नव्हता. दार लागलेला फ्रिज आतून पोकळ, भिंतीत फोम भरलेला, त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. पाणी ओट्याच्या वर गेलं, फ्रिज त्याच्याबरोबर वर गेला आणि पाणी उतरल्यावर जिथे टेकला तिथे राहिला. मी तसं लिहून दिलं, तेव्हा तो दावा पुढे सरकला. नवख्या सर्व्हेअरने त्याच फोटोवर लबाडीचा शेरा मारला असता.

शेजारचे काका हे सगळं दारातून बघत होते. "आमचंही बघून जा. कर्ज काढतानाच विमा उतरवलाय," म्हणत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद आणला. तो कर्जदाराच्या आयुर्विम्याचा होता. "काका, तुम्हाला काही झालं तर यातून कर्ज फिटेल. घराला काही झालं तर यात काही नाही." काका क्षणभर गप्प. मग आतून काकूंचा आवाज आला, "म्हणजे गाद्यांचे पैसे मिळायला ह्यांनी आधी जायला हवं होतं का?"

कर्जाबरोबरच्या काही पॉलिसी घराच्याही असतात, पण बऱ्याचदा फक्त बांधकामाच्या. पूर आरसीसीच्या भिंती क्वचितच पाडतो. तो नासवतो ते गाद्या, वॉशिंग मशीन, फर्निचर, धान्य. 1 एप्रिल 2021 ला सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सुरू झाली. तिच्यात पूर धरलेला आहे आणि बांधकामाचा विमा घेतला की त्याच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातलं सामान यादी न देताही आपोआप येतं. रोख रक्कम त्यात नाही आणि दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. विम्याची रक्कम ठरते बांधकामाच्या खर्चावर. फ्लॅटच्या बाजारभावात जागेची किंमतही असते आणि जागा वाहून जात नाही.

विमा का घेतला नाही, असं विचारलं की उल्हास नदीच्या या पट्ट्यात एकच उत्तर मिळतं : "2005 ला नव्हतं आलं पाणी." म्हणजे 26 जुलै 2005 च्या महापुरात जे घर कोरडं राहिलं, त्याला जन्मभराचा दाखला मिळाला. एका चाळीत मी दाराशी टेप धरला. पूर्वी रस्त्यावरून घरात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत, असं तिथल्या आजी सांगत होत्या. आता एक पायरी उतरावी लागत होती. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट. पलीकडच्या गोदामासाठी भराव पडलेला, नाल्यात मोरीच्या जागी दोन पाइप. नदीने काही वेगळं केलं नव्हतं. जोतं जागेवरच होतं, आजूबाजूची जमीन वर आली होती.

पाणी ओसरल्यावर आम्ही जे बघतो, ते घर घेण्याआधी कोणालाही बघता येतं. रस्ता उंच की जोतं, नाला पुढे कुठे अरुंद होतो, विजेचे मीटर कमरेला की डोक्याच्या वर. जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा विकास आराखड्याच्या नकाशावर शोधा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्याचा अर्थ 99 वर्षं निर्धास्त झोपा असा नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि ती लागोपाठच्या वर्षीही खरी ठरू शकते.

बिल्डरला "इथे पाणी भरतं का?" असं विचारण्यात अर्थ नाही. जूनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा. खालच्या फळीवर साखरेची पोती असतील तर ठीक. तिथे नुसत्या प्लास्टिकच्या बादल्या मांडलेल्या दिसल्या, तर विम्याचा हप्ता आधी भरा, टोकन नंतर द्या.